पाचवा रकाना

ऑफिसात माझी ओळख ‘तक्तेवाली’ अशी आहे. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं असो की कँटीनचा ठेकेदार बदलायचा असो, दोन साहेबांचं जमेनासं झालं की तिसरा म्हणतो, “त्यांना एक तक्ता करायला सांगा.” मग मी डावीकडे पर्याय लिहिते, वर निकष लिहिते, ज्याचं जितकं महत्त्व तितकं त्याला वजन देते, पाचपैकी गुण देते, गुणाकार करते, बेरीज करते. खराडीच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी गेली बावीस वर्षं हेच करते आहे, आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही. भांडणाऱ्या माणसांपैकी कोणाच्या मनात कुठला रकाना सगळ्यात मोठा आहे, हे शोधून काढायची मला खोड आहे. बहुतेकांना तो स्वतःलाच ठाऊक नसतो.

त्यामुळे बाबा जिन्यात पडले तेव्हा मी काय केलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत. आई गेल्यापासून कसबा पेठेतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत होते. दुसरा मजला, अडतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. श्रावणात एका दुपारी ते वाणसामान घेऊन वर येताना पडले आणि डावं मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, मला फोन केला, भावाला फोन केला. आम्ही दोघं पोचलो तेव्हा बाबा प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसले होते आणि पिशवीतली अंडी फुटली की नाहीत याची चौकशी करत होते.

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. वाघोलीला एका कॉलेजात शिकवतो आणि तिथेच राहतो. पुढच्या रविवारी आम्ही बाबांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पर्याय तीन होते: बाबांनी कसब्यातच राहायचं आणि मदतीला बाई ठेवायची, नाहीतर खराडीला माझ्याकडे यायचं, नाहीतर वाघोलीला भावाकडे. निकष काढता काढता अकरा झाले. जिने, लिफ्ट, बाथरूम, रात्रीची सोबत, दवाखाना किती लांब, स्वतंत्र खोली, मोकळी हवा, पथ्याचं जेवण, आणखी असंच काहीबाही.

बाबा पलीकडे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मधेच पेपराआडून त्यांनी विचारलं, “या परीक्षेला बसलंय कोण? मी की घरं?”

“घरं, बाबा,” भाऊ म्हणाला.

“मग चालू द्या. मी पर्यवेक्षक.”

आम्ही हसलो आणि वजनं ठरवायला लागलो. हे हसणं मला पुढे चांगलंच महागात पडलं.

बेरीज झाली. वाघोली चौऱ्याऐंशी, खराडी एकोणऐंशी, कसबा पेठ सत्तेचाळीस. मी माझ्या सवयीप्रमाणे वजनं थोडी हलवून बघितली. दवाखान्याला जास्त दिलं, हवेला कमी दिलं, पथ्य काढूनच टाकलं. निकाल जागचा हलेना. असा तक्ता ऑफिसात निघाला असता तर मी स्वतःची पाठ थोपटली असती. खरं सांगायचं तर खराडी हरली याचं मला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

बाबांनी चष्मा वर करून पडद्यावरचे आकडे वाचले. “पदरी पडलं, पवित्र झालं,” म्हणाले, आणि रंगांची पेटी कुठल्या पिशवीत भरायची ते विचारलं.

इथे मला चाळीसएक वर्षं मागे जायला हवं, कारण तक्त्याचं हे वेड मला बाबांनीच लावलं.

दिवाळीत आमच्या आळीतली पोरं मातीचे किल्ले करायची, अजूनही करतात. मंडळातर्फे किल्ल्यांची स्पर्धा असते, आणि चित्रकलेचे मास्तर म्हणून परीक्षक कायम बाबाच. त्यांच्या हातात एक छापील कागद असायचा आणि त्यावर चार रकाने: रचना, स्वच्छता, माहिती, कल्पकता. प्रत्येकी पंचवीस गुण. बाबा गुण सांगायचे, मी लिहायचे आणि शेवटी बेरीज करायचे. दहा-अकरा वर्षांची असेन. एरवी घरात माझ्या शब्दाला कोणी विचारत नसे, पण त्या संध्याकाळी मोठी मोठी मुलं माझ्या पेन्सिलीकडे बघत असायची.

एका वर्षी बेरजेत एक किल्ला स्पष्ट पहिला आला. गुळगुळीत तट, रंगवलेले बुरूज, विकतचे मावळे ओळीत उभे, आणि माहिती सांगणारा मुलगा न अडखळता घडाघडा बोलणारा. मी आकड्याभोवती गोल काढला. बाबांनी कागदावर सही केली नाही. मला म्हणाले, “यातला कुठला किल्ला परत बघायला जावंसं वाटतं?”

मी विचार न करता दुसऱ्याच किल्ल्याचं नाव घेतलं. एका अरुंद बोळात, गळक्या नळाशेजारी पोरांनी तो केला होता. दिसायला ओबडधोबड, पेरलेले अळीव एकाच बाजूला उगवलेले. पण वरच्या तळ्यात तांब्याभर पाणी ओतलं की ते पोटातून कुठून कुठून वळत जायचं आणि बऱ्याच वेळाने खालच्या चोरदरवाज्यातून बाहेर यायचं. ते आत नेमकं कुठून जातं हे मला कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

“मलाही,” बाबा म्हणाले. आम्ही परत गेलो आणि आणखी तीन तांबे पाणी ओतून घेतलं. मग बाबांनी चार छापील रकान्यांच्या शेजारी पेन्सिलीने एक रेघ मारली, पाचवा रकाना केला, त्यावर ‘परत यावंसं वाटणं’ असं लिहिलं आणि सगळ्या किल्ल्यांना त्यात नव्याने गुण दिले. बोळातला किल्ला पहिला आला.

मी भडकले. ही शुद्ध लबाडी होती. निकाल लागल्यावर कोणी रकाना वाढवतं का? रडत रडत मी म्हणाले की माझी बेरीज बरोबर होती.

“बेरीज बरोबरच आहे,” बाबा म्हणाले. “रकाने कमी पडले.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे अख्खं आयुष्य मी असे तक्ते केले ज्यांत निकालानंतर एक रेघही कोणाला वाढवता येऊ नये. त्यामागे त्या संध्याकाळचा राग आहे, अशी मला दाट शंका आहे.

तर बाबा वाघोलीला गेले. आणि सांगायला हवं की तक्ता अगदी खरा ठरला. लिफ्ट होती, बाथरूममध्ये भावाने धरायला दांड्या बसवून घेतल्या, खाली बाग होती, दवाखाना पाच मिनिटांवर. हात बरा झाला. वजन दोन किलोने वाढलं. दर रविवारी मी खराडीहून जायचे आणि विचारायचे, “कसं वाटतंय, बाबा?”

“छान आहे.”

“जेवण?”

“छान.”

“ही बाग बघितलीत का? संध्याकाळी म्हातारी मंडळी बसतात म्हणे.”

“बसतात. छान आहे.”

हे मी दीड महिना ऐकलं आणि समाधानाने घरी गेले. मी, जिला लोक शहाणी समजतात.

शेवटी एका रविवारी भावजयीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं. “ताई, मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. “बाबा हल्ली कशालाच नावं ठेवत नाहीत.”

“मग बरंय की.”

“अहो, बरं कसलं? परवा मी मुद्दाम आमटीत डबल मीठ घातलं. मला तोंडात घालवेना. बाबांनी वाटी संपवली आणि म्हणाले, छान झालीय.”

ज्यांना बाबा ठाऊक नाहीत त्यांना यातली गंभीर गोष्ट कळायची नाही. या माणसाने आयुष्यात कशाला ‘छान’ म्हटलेलं नव्हतं. आईच्या चहाला ते रोज विचारायचे, “यात आलं घातलंय की आल्याची नुसती आठवण काढलीय?” आई आणखी आलं किसायची आणि हसायची. माझ्या लग्नात कार्यालयातल्या रांगोळीचा कोन चुकलाय म्हणून ते मुहूर्ताच्या आधी गुडघ्यावर बसले होते. खोड काढणं म्हणजे त्यांच्या लेखी जिव्हाळा. ज्या वस्तूकडे त्यांनी नीट बघितलं तिला ते नाव ठेवणारच. म्हणजे वाघोलीत ते कशाकडेच बघत नव्हते. उजवा हात धड असून रंगांची पेटी उघडलेलीसुद्धा नव्हती. मी जाऊन बघितलं, पिशवीची गाठ आम्ही बांधली तशीच होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवला आणि तो तक्ता पुन्हा उघडला. यावेळी निकालाकडे न बघता नुसते रकाने वाचत गेले, आणि तिसऱ्या वाचनाला मला दिसलं. जिने. लिफ्ट. बाथरूम. रात्रीची सोबत. चार रकाने, मिळून शंभरातलं बेचाळीस वजन. हे चार निकष नव्हतेच. एकच होता: बाबा पुन्हा पडू नयेत. आमची भीती वेगवेगळे कपडे घालून चार वेळा रांगेत उभी राहिली होती आणि आम्ही तिला चारही वेळा गुण दिले होते. कसब्याला या चारही ठिकाणी पाचपैकी एक. म्हणूनच वजनं कितीही हलवली तरी निकाल हलत नव्हता.

ही चूक मी लोकांच्या तक्त्यांत महिन्याला एकदा तरी पकडते. ‘टिकाऊपणा’ आणि ‘दुरुस्ती कमी’ असे दोन रकाने कोणी केले की मी भर मीटिंगमध्ये त्याचं हसं करते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते काही उगाच म्हणत नाहीत.

मी चारांचा एक केला. वाघोली एकोणऐंशीवर आली, कसबा पेठ एकोणसाठवर चढली. वाघोली अजूनही पहिलीच होती, पण मधलं अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. मग मला दुसरी गोष्ट दिसली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. उरलेल्या रकान्यांत बाबांनी सांगितलेला एकही नव्हता. ज्यांनी मला रकाना म्हणजे काय ते शिकवलं त्यांना आम्ही पर्यवेक्षक करून बसवलं होतं. त्यांनी स्वतःच तसं म्हटलं होतं, आणि आम्ही विनोद समजून हसलो होतो.

पुढच्या रविवारी मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. “बाबा, आमचा तक्ता चुकलाय. रकाने तुम्ही घाला. तुमच्या मनाचे. वजनंही तुमची.”

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “बघू.” पुढचे दोन आठवडे त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

दिवाळीत मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. किल्ल्यांना परीक्षक हवे होते. “सर आता वाघोलीला असतात म्हणे, जमेल का त्यांना?” मी बाबांना न विचारता हो म्हणून टाकलं. किल्ले जमिनीवरच असतात, पायऱ्या चढायच्या नव्हत्या.

मी त्यांना गाडीतून आळीच्या तोंडाशी उतरवलं. काठी टेकत ते पहिल्या किल्ल्यापर्यंत आले, वाकले, आणि वाघोलीला गेल्यापासून न ऐकलेला तो आवाज आला. “हा बुरूज आहे की इडली?”

किल्लेवाल्यांचे चेहरे पडले. मला मात्र रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुढे दीड तास तेच. दरवाजा उतारावर कसा, तोफेचं तोंड स्वतःच्याच तटाकडे का, माहिती सांगताना आभाळाकडे का बघतोस, तिकडे लिहून ठेवलंय का. पाच-सात माणसं मागे मागे चालू लागली. भाजीवाल्या बाईने त्यांना थांबवून हात कसा आहे ते विचारलं, आणि बाबांनी तिच्या मेथीला नावं ठेवली. मी रकाने भरत होते आणि त्यांच्याकडे बघत होते.

निकाल देऊन झाल्यावर ते थकले. आमच्या इमारतीच्या खाली, जिन्याच्या तोंडाशी शेजाऱ्यांनी खुर्ची आणून दिली. बाबा बसले, खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. “तुझा गृहपाठ.”

फूटपट्टीने आखलेला, पेन्सिलीने लिहिलेला तक्ता होता. पाच रकाने. वाद घालायला माणूस. पायी गाठता येईल असं दुकान. खिडकीतून वाहता रस्ता. आपला चहा आपण करणं. या चारांना प्रत्येकी दहा वजन. चारही रकान्यांत कसब्याला पाचपैकी पाच, वाघोलीला फार तर एक-दोन. मी मनातल्या मनात बेरीज करत खूश होत होते. मग मी पाचवा रकाना वाचला.

मुलांची झोप. वजन साठ.

त्यात वाघोलीला पाच, खराडीला चार, कसब्याला एक. खाली त्यांच्या सुंदर अक्षरात बेरीज: वाघोली सत्तर, खराडी चौसष्ट, कसबा पेठ बावन्न.

“खराडीला चारच का?” मी विचारलं.

“मी खोकलो तरी तू उठून बसशील. भावाची झोप गाढ आहे.” बाबा काठीच्या मुठीकडे बघत होते. “निकाल तोच आहे बघ. तुमचा तक्ता काही अगदीच वाया गेलेला नाही.”

मला रडू आलं, आणि रागही आला. म्हणजे दोन महिने ते हे करत होते. खारट आमटी गिळत होते आणि आम्हाला झोपू देत होते. आम्ही त्यांच्या तक्त्यात आमची भीती भरली होती, आणि त्यांनी स्वतःच्या तक्त्यात आम्हाला भरलं होतं.

मी त्यांच्या पुढ्यात पायरीवर बसले. “बाबा, यातल्या कुठल्या घरी परत जावंसं वाटतं?”

त्यांनी वर दुसऱ्या मजल्याकडे बघितलं, आमच्या खिडकीकडे, आणि लगेच मान खाली घातली.

मी किल्ल्यांच्या गुणांची पेन्सिल घेतली आणि त्यांच्या पाचव्या रकान्यावर वरून खालपर्यंत काट मारली.

“अशी खाडाखोड परीक्षकाला शोभत नाही,” बाबा म्हणाले.

“बेरीज बरोबर आहे तुमची. हा रकाना तुमचा नाही. झोप माझी आहे, तिचे गुण मी देणार.”

भाऊ फोनवर खूप चिडला. “ताई, तू वेडी आहेस का? पुन्हा पडले तर जबाबदारी कोणाची?” त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, “आपल्या दोघांची. पण पडले तरी ते कसब्यात पडतील, स्वतःच्या घरी.” शेवटी तो म्हणाला, त्या बाथरूमच्या दांड्या काढून तिकडे बसवता येतील का ते बघतो.

बाबा परत वर गेले त्या दिवशी अडतीस पायऱ्या चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. मधल्या वळणांवर आम्ही खुर्च्या ठेवल्या आहेत, त्या अजून तिथेच आहेत. दिवसभर एक मावशी असतात, वाणसामान त्याच आणतात. त्यांच्या पोळ्यांचा आकार हा सध्या आळीतला चर्चेचा विषय आहे. दोन रात्री मी जाते, दोन रात्री भाऊ जातो. उरलेल्या तीन रात्री बाबा एकटे असतात.

झोपेच्या रकान्यात मी स्वतःला पाचपैकी दोन दिले आहेत. त्या तीन रात्रींनंतर सकाळी सातला मी फोन करते आणि पलीकडे घंटा वाजत राहते. बाबा सावकाश उठतात, सावकाश येतात, हे मला माहीत आहे, तरी मी घंटा मोजत राहते. मग ते फोन उचलतात. कोण आहे, कशी आहेस, काही नाही.

“पडलो नाही,” म्हणतात, आणि फोन ठेवतात.